दालनवाल्या अक्का

नवीन चित्र समोर आलं की अक्का आधी चष्मा काढायच्या. पदराच्या टोकानं तो पुसायच्या, परत डोळ्यांवर चढवायच्या आणि पाठीला भिंत लागेपर्यंत मागे सरकत जायच्या. मग हात मागे बांधून चित्राला म्हणायच्या, "हं, बोला."

चित्र काय बोलायचं ते त्यांनाच ठाऊक. मी फ्रेमवाला माणूस. जळगावात त्यांच्या चित्रांच्या दालनाच्या बरोबर खाली माझं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नातले जोडीचे फोटो आणि नुकत्याच वारलेल्या माणसांचे मोठे केलेले फोटो, हे माझं गिऱ्हाईक. चित्राची लांबी-रुंदी मोजायची, काच कापायची, पट्टी ठोकायची, मागे हुक मारायचा. आत कोण आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय? पण रोज जिन्यावरून वर-खाली करताना ते "हं, बोला" ऐकून ऐकून मलाही सवय लागली. गिऱ्हाईक गेल्यावर मी एखाद्या फोटोकडे उगीचच बघत बसायचो. बायको म्हणायची, "वरच्या बाईंचं वारं लागलं तुम्हाला."

एका वेडानं झपाटलेलं माणूस तुमच्याही गल्लीत कुणीतरी असेलच. कुणी कबुतरं पाळतं, कुणी जुनी घड्याळं गोळा करतं. गाव त्यांना हसतं, पण बाहेरगावचा पाहुणा आला की त्यांच्याकडेच घेऊन जातं. आमच्या अक्का तशा होत्या.

मूळच्या त्या सावद्याच्या, केळीवाल्यांच्या घरच्या. शाळेत असताना चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या, आणखी शिकायचं म्हणत होत्या, तर वडिलांनी जळगावातल्या कापसाच्या दलालाचं स्थळ आणलं. संसार नीट झाला. दोन मुलं झाली. यजमान अचानक गेले तेव्हा त्या चाळिशीच्या थोड्या पुढे होत्या. खाली दुकानं, वर कापसाचे नमुने ठेवायचा मोठा हॉल, अशी इमारत त्यांच्या वाट्याला आली. दीरांनी सुचवलं, हॉल लग्नकार्याला भाड्यानं द्या. अक्कांनी हॉल झाडून घेतला, चुना मारून घेतला आणि भिंतीवर चित्रं टांगली. बाहेर पाटी लावली: चित्रांचं दालन, पाहायला या.

रंगीत टीव्ही तेव्हा नुकते घरोघर येऊ लागले होते. गावातल्या हॉलमध्ये 'प्रदर्शन' भरतं ते साड्यांचं, एवढंच लोकांना माहीत. पहिल्या आठवड्यात बायका पिशव्या घेऊन माझ्या दुकानाशी थांबायच्या. "भाऊ, साड्या वरतीच आहेत ना?"

वरून अक्का जिन्याच्या तोंडाशी यायच्या. "साड्या नाहीत. पण या, पदर दाखवते."

आणि खरंच दाखवायच्या. जुन्या तैलचित्रातल्या एखाद्या पाटलीणबाईचा जरीचा पदर. "जवळून बघा, नुसते पिवळे ठिपके आहेत. आता मागे या. आणखी मागे. झाली की नाही जर?" बायका मागे सरकायच्या, हसायच्या, परत जवळ जायच्या. साडी न घेता तासभर थांबायच्या. त्यातली एखादी जाताना म्हणायची, "आमच्याकडे पण आहे असला एक म्हातारा. देवघराच्या वर टांगलेला."

अक्कांना एवढंच हवं असायचं. लगेच विचारायच्या, "गाव कोणतं?"

त्याचं असं होतं, की आमच्या खानदेशात स्वातंत्र्याच्या आधीच्या काळात एक भटका चित्रकार फिरत असे. केळी-कापसाचा हंगाम बरा गेलेल्या गावात मुक्काम टाकायचा आणि मोठ्या घरातल्या वडीलधाऱ्यांची चित्रं काढायची. लोक त्याला नुसतं पेंटरबुवा म्हणत. तो कुठून आला, कुठे मेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्का एसटीनं गावोगाव जाऊन त्याची चित्रं शोधायच्या. घरात शिरल्या की मालकाशी रामराम व्हायच्या आधी नजर भिंतीवर. खालच्या कोपऱ्यात बुवाची वाकडी सही दिसली की चेहरा उजळायचा.

"कोणी काढलंय हे?" त्या विचारायच्या.

"आमचे आजोबा आहेत ते," घरचे सांगायचे.

"आजोबा ते कळलं. काढलंय कोणी?"

यावर घरोघर एकच गोंधळ. आजोबा कुणी काढलेले असतात, हेच मुळी कुणाच्या डोक्यात नसायचं. वर्षानुवर्षं हार घालून, उदबत्ती ओवाळून आजोबांच्या नाकापर्यंत काजळी चढलेली असायची. अक्का कापसाच्या बोळ्यानं हळूच एक कोपरा पुसून दाखवायच्या. खालून निळा फेटा निघायचा आणि घरातली पोरंसोरं ओरडायची, "अरे, निळा आहे!"

चित्रं विकत कुणी देत नसे, आणि त्या मागतही नसत. उसनी आणायच्या. दालनात महिना-दोन महिने ठेवायच्या, स्वच्छ करायच्या आणि स्वतः नेऊन पोहोचवायच्या. काही घरांना तर त्याची इतकी सवय झाली की म्हातारा गावाला गेल्यासारखे ते सांगायचे, "बाबा सध्या जळगावले आहेत, अक्कांकडे."

पण अक्कांना नुसत्या जुन्याचा सोस नव्हता. आताच्या चित्रकारांवरही त्यांचा तेवढाच जीव. त्यात सगळ्यांत लाडके आमचे रशीदभाई. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवलेल्या. दिवसभर शिडीवर उभं राहून ते 'बी-बियाणे व खते' लिहायचे आणि घरी हार्डबोर्डवर केळीची पानं काढायचे. नुसती पानं. वाऱ्यानं फाटलेली, करपलेली, पहाटेच्या दवातली, उन्हात आरपार दिसणारी. त्यांना ही चित्रं दाखवायची लाज वाटायची. "अक्का, हे आपलं असंच. हात मोकळा करायला."

"मग आणखी मोकळा करा," अक्का म्हणायच्या आणि चित्र माझ्याकडे फ्रेमला पाठवायच्या.

मग एके वर्षी चैत्रात धुळ्याला मोठा कलामेळा भरला. एका शाळेच्या मैदानावर मांडव, कापडी भिंतींचे गाळे. नाशिक, सुरत, इंदूरहून दालनवाले येणार होते. अक्कांनीही गाळा घेतला, मदतीला मी आणि रशीदभाई. इतर दालनांनी जुनं एका बाजूला आणि नवं दुसऱ्या बाजूला लावलं होतं. अक्कांचं म्हणणं वेगळं. "घरात आजी आणि नातू वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात का? एकाच पंगतीला बसवा." त्यांनी पेंटरबुवाच्या म्हाताऱ्यांच्या मध्ये रशीदभाईंची केळीची पानं लावली. त्या जुन्या, गडद चेहऱ्यांच्या मधे ती हिरवी पानं अशी उठून दिसत, की जणू म्हातारे आपापल्या मळ्यातच बसलेत.

मधोमध होतं ते मुक्ताईनगरकडच्या एका खेड्यातून आणलेलं चित्र. नऊवारीतली एक बाई खुर्चीवर ताठ बसलेली, नाकात नथ, नजर करडी, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले, पाय एका लाकडी पाटावर. ते मिळवायला अक्कांना तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या. घरचा कर्ता सुपडूभाऊ, केळीचा मोठा बागायतदार. चित्र त्याच्या आजीचं. तो म्हणाला होता, "आखाजीच्या आत परत पाहिजे. पूर्वजांची घागर भरतो त्या दिवशी. आजी भिंतीवर नसली तर भाऊबंद मला काय म्हणतील?" अक्षय्य तृतीयेच्या आत आणून देते, असा अक्कांनी शब्द दिला होता.

मेळ्यासाठी त्यांनी सगळ्या जुन्या चित्रांच्या काचा माझ्याकडून काढून घेतल्या. "काचेत माणसाला आपलंच तोंड दिसतं. चित्र कुठे दिसतं?" पण त्यामुळे एक भलतंच काम त्यांच्या मागे लागलं. खेड्यांतून आलेल्या बाया या नऊवारीतल्या बाईपुढे हात जोडायच्या आणि कनवटीची कुंकवाची डबी काढायच्या. अक्का धावत जाऊन त्यांचं बोट वरच्या वर धरायच्या.

एक शेतकरी बराच वेळ चित्र न्याहाळत होता. शेवटी म्हणाला, "हाई कोन शे? तुमनी सासू शे का?"

"मनी नहीं, भाऊ. पन कोनी तरी सासू शे," अक्का त्याच्याच बोलीत म्हणाल्या.

"वाटंसच," तो म्हणाला आणि पागोटं सावरून पुढे गेला.

मेळ्यातल्या लोकांनाही आमचा गाळा आवडला. मुंबईच्या एका मोठ्या दालनाचे गृहस्थ पहिल्याच दिवशी आले. खादीचा झब्बा, हळू बोलणं. दोनदा येऊन गेले. म्हणाले, "बाई, ही भिंत अशीच्या अशी मुंबईला नेऊ या. शेवटच्या दिवशी माझे भागीदार येताहेत. त्यांना दाखवतो आणि तारीख ठरवून टाकू." ते गेल्यावर रशीदभाई गाळ्यामागे जाऊन एकटेच हसत उभे राहिले होते. अक्कांनी त्या दिवशी आम्हा दोघांना उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायल्या.

मेळा संपायच्या आदल्या दिवशी दुपारी वावटळ उठली. खानदेशातल्या चैत्राची वावटळ ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धुळीचा खांब उभा राहिला, डुलत डुलत मांडवात शिरला आणि एका झटक्यात कापडाच्या भिंती पतंगासारख्या वर गेल्या. आम्ही तिघंही हाताला येईल ते चित्र छातीशी धरून खाली बसलो. धूळ बसली तेव्हा पाहिलं, बाकी सगळं शाबूत होतं. नऊवारीतली बाई मात्र मांडवाच्या पडलेल्या बांबूवर पालथी आली होती आणि त्याचं टोक समोरून शिरून तिच्या पाठीबाहेर निघालं होतं.

उलटं केलं. चेहरा वाचला होता. मांडीपाशी कापड इंग्रजी एलसारखं फाटलं होतं आणि उजव्या हाताची बोटं लोंबत होती.

अक्का खाली मातीत बसल्या. लोंबणाऱ्या बोटांवरची माती त्यांनी फुंकरीनं उडवली.

आजूबाजूचे दालनवाले जमले. सगळ्यांनी धीर दिला. असं होतं म्हणाले, दुरुस्त करणारे लोक असतात म्हणाले. रशीदभाईंनी फाटलेली कड बोटानं जुळवून पाहिली. "अक्का, मागून कापड लावतो, पुटी भरतो, रंग मिळवतो. आखाजीला वेळ आहे. अल्लाची कसम, कुणाला कळणार नाही."

"कळणार नाही ना?"

"बिलकुल नाही."

"मग आधी सांगायला पाहिजे," अक्का म्हणाल्या. "कळणार असतं तर चित्रानंच सांगितलं असतं."

"सांगा ना. मेळा संपल्यावर सांगा. उद्या मुंबईचे साहेब येताहेत."

अक्का उठल्या, लुगड्याची धूळ झटकली. "आत्ता पेपरवाले येऊन या पडझडीचे फोटो काढून गेलेत. उद्या छापून येईल. सुपडूभाऊला आपल्या आजीचं असं पेपरातून कळायला नको." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही येता का? एवढी मोठी फ्रेम मला एकटीला उचलायची नाही."

रशीदभाईंना त्यांनी गाळा सांभाळायला थांबा म्हणून सांगितलं. सगळ्यांत जास्त नुकसान त्यांचंच व्हायचं होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची पानं मुंबईला नेतो म्हणालं होतं. रशीदभाईंनी रंगांची पेटी उचलली. "मी पण येतो. त्यांनी जोडायला सांगितलं तर कोण जोडेल?"

"आणि मुंबई?"

"मुंबई कुठे जाते का अक्का? तिथंच आहे."

गाळ्यातली चित्रं शेजारच्या नाशिककरांच्या हवाली केली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. चादरीत गुंडाळलेली आजी आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर. कंडक्टरनं विचारलं, "यात काय आहे?" रशीदभाई सवयीनं म्हणाले, "एक बाई आहे." कंडक्टर दोन पावलं मागे सरला. एरवी अक्का खो खो हसल्या असत्या. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत राहिल्या. एरंडोल गेलं, जळगाव आलं, गाडी बदलली, भुसावळच्या पुढे केळीचे मळे लागले.

सुपडूभाऊ ओसरीवरच होता. चादर सोडताच त्याचा चेहरा बदलला. अक्कांनी सगळं सांगितलं. वाऱ्याचं सांगितलं, पण वाऱ्यावर ढकललं नाही. "काच मी काढायला लावली होती," हेही सांगितलं.

"काच असती तर वाचलं असतं," तो म्हणाला.

"कदाचित वाचलं असतं."

"कदाचित काय? वाचलंच असतं! अक्का, अहो, तुम्ही सावद्याच्या. आमच्यातल्या. म्हणून भरोशावर दिलं. आता गावाले तोंड कसं दाखवू? या पंचक्रोशीत तुम्हाला कुणी एक चिटोरं देणार नाही, हे लिहून ठेवा." तो मोठ्यानं बोलत होता. शेजारपाजारचे डोकावू लागले. अक्का मान खाली घालून उभ्या. रशीदभाई काही बोलायला गेले, त्यांना त्यांनी हातानं थांबवलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "काय झालं रे सुपडू? कोन आलं?"

सुपडूभाऊची आई, सगळं गाव तिला मोठी माय म्हणे. भिंत धरत, एकेक पाऊल टाकत ती बाहेर आली. "मले दाखव," म्हणाली. चित्र उजेडाला भिंतीशी टेकवून ठेवलं. म्हातारी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि अगदी जवळ तोंड नेऊन पाहू लागली. फाटलेल्या बोटांवरून तिनं आपलं बोट फिरवलं.

मग ती हसायला लागली. दात नव्हते, पण हसू सगळ्या तोंडभर.

"सासूले काही झालं नाही," ती म्हणाली. "लागलं ते मले."

कुणालाच काही कळेना. सुपडूभाऊ म्हणाला, "माय, काय बोलतेस?"

"अरे, हे हात माझे आहेत."

मग तिनं सांगितलं. ती या घरात नुकती सून होऊन आली होती, परकर सुटून लुगडं नेसायला लागली होती तेवढीच. पेंटरबुवा ओसरीवर बसून सासूचं चित्र काढत होता. चेहरा झाला, आणि तिकडे कपाशी वेचणीला आली. सासू खुर्चीवरून उठली. म्हणाली, माझं तोंड झालं ना? आता हातापायाले कोनालेबी बसवा, मले वावरात काम आहे. बुवानं सुनेला बसवायला सांगितलं. सासूचंच लुगडं तिला नेसवलं, सासूच्याच बांगड्या हातात चढवल्या.

"बांगड्या ढिल्या व्हायच्या. खाली पडू नये म्हून मी हातावर हात दाबून बसायची. पाह्यना, तसेच काढले त्यानं. आन् पाय खाली पुरेनात माझे. म्हून पाट दिला पायाखाली."

आम्ही तिघंही पाटाकडे बघत राहिलो. मेळ्यात अक्का लोकांना सांगत असत, पाटामुळे बाईंच्या बसण्याला कसा रुबाब आलाय बघा.

"मामंजी होते तोवर या घरात सुनेनं खुर्चीवर बसायचं नव्हतं," मोठी माय म्हणाली. "मी बसली ती तेवढीच. सासू वावरात, मामंजी बाजारात, आन् मी वसरीवर खुर्चीत. बुवा म्हने, पोरी, हसू नको, हात हालतात. मले तर हसूच येत ऱ्हाये."

"माय, तू कधी बोलली नाहीस," सुपडूभाऊ म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"कोनी विचारलंच नाही, बाबा. हार घालाले तुम्ही वर पाह्यता नि मान खाली घालता."

अक्का पुढे सरकून तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. चष्मा काढून पुसू लागल्या, पण ते पुसणं नेहमीचं नव्हतं. "मी पण नाही विचारलं, माय," त्या म्हणाल्या. "कोणी काढलं ते तेवढं विचारत फिरले."

"आता विचारलं ना," म्हातारीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग रशीदभाईंकडे बघून म्हणाली, "तू जोडनारा का? जोड मग. आखाजीले पाहिजे मले."

चित्र तिथंच ओसरीवर जोडायचं ठरलं. मी फ्रेम सोडवली. रशीदभाईंनी मागून कापड चिकटवलं, पुटी भरली, ती वाळू दिली. सुपडूभाऊनं त्यांच्या झोपण्या-जेवण्याची सोय मळ्यातल्या खोलीत केली आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच त्यांना चहा आणून देऊ लागला. माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडे चहावर भागतं.

बोटं रंगवायची वेळ आली तेव्हा रशीदभाईंचा हात थांबला. दोन बोटांचा रंग पार खरवडून गेला होता, खाली काय होतं ते दिसेना. मोठ्या मायनं ते पाहिलं. म्हणाली, "खुर्ची आन."

नातवानं खुर्ची आणली. म्हातारी तिच्यावर बसली आणि तिनं मांडीवर हातावर हात ठेवला. ती हाडं, त्या निळ्या शिरा, ती सुरकुतलेली कातडी.

"माय, तेव्हाचे काढू की आताचे?" रशीदभाईंनी विचारलं.

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. "त्या पोरीचे हात सासूले कुठे शोभत होते? आताचेच काढ."

आणि त्यांनी तसेच काढले. तुम्ही कधी त्या गावाला गेलात तर बघा. खुर्चीवरच्या करड्या बाईचा डावा हात कोवळ्या मुलीचा आहे, आणि उजव्या हाताची दोन बोटं म्हातारीची.

इकडे धुळ्याला काय झालं ते आम्हाला परत आल्यावर कळलं. मुंबईचे गृहस्थ भागीदारांना घेऊन आले होते. गाळा रिकामा बघून थोडा वेळ थांबले, घड्याळ पाहिलं आणि गेले. अक्कांनी त्यांना दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. त्यांनी बोलून कधी हळहळ दाखवली नाही. पण एका दुपारी जिन्यात बसलेल्या दिसल्या, गुडघ्यावर हनुवटी टेकून. मी विचारलं, "काय झालं, अक्का?"

"काही नाही. रशीदभाईंची पानं मुंबईच्या भिंतीवर कशी दिसली असती, ते बघत होते," त्या म्हणाल्या.

रशीदभाईंनी पुढे बऱ्याच पाट्या रंगवल्या. त्यांची पानं मुंबईला गेली नाहीत. पण जळगाव-भुसावळच्या कितीतरी घरांत गेली. अक्का कुणाचंही लग्न, बारसं, वास्तुशांत असो, आहेर म्हणून एक पान घेऊन जायच्या. सुरुवातीला लोकांना वाटे, भांडं-कुंडं द्यायचं सोडून बाई हे काय देते. नंतर नंतर एखादी आई लग्न ठरल्याचं सांगायला आली की लाजत म्हणायची, "अक्का, आमच्या मुलीला पण ते पान..."

आणि सुपडूभाऊ म्हणाला होता तसं झालं नाही. उलट, मोठ्या मायच्या हातांची गोष्ट त्या सगळ्या पट्ट्यात पसरली. गावोगावच्या म्हाताऱ्या आपापल्या भिंतींकडे निरखून बघू लागल्या. अक्का गेल्या की आता चित्रापेक्षा माणसांशीच जास्त वेळ बसायच्या. हा कोट कुणाचा, ही काठी कुणाची, मागचा पडदा कुठून आणला होता. एका गावात तर निघालं की मांडीवरचं मूल शेजाऱ्यांकडून मागून आणलं होतं. त्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आणलेली चित्रं परत मागायची आता कुणाला घाई नसे, त्यामुळे दालनात म्हातारे वाढत गेले. पुढे पुढे तर भिंती पुरेनात, जिन्यातही ते बसू लागले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अक्कांना आजारपण लागलं. जिना चढवेना तशा त्या माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसायच्या आणि वर कोण कोण गेलं, कोण लवकर उतरलं, त्यावर लक्ष ठेवायच्या. "लवकर आले हो हे. काही बघितलं नाही," असं कुरकुरायच्या. एका थंडीत त्या गेल्या. रशीदभाई आणि मी दोघांनी खांदा दिला.

मुलाला इमारत मोडून नवी बांधायची होती. वाईट नव्हता तो, त्याला वर टांगलेल्या एवढ्या लोकांचं काय करावं तेच कळत नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर त्यानं मलाच विचारलं. मी सुपडूभाऊला निरोप पाठवला.

तो केळीची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर घेऊनच आला. येतानाच ट्रॉलीत केळीच्या वाळलेल्या पानांची जाड गादी अंथरून आणली होती. म्हणाला, "प्रत्येकाले त्याच्या त्याच्या घरी सोडतो. गावं मला माहीत आहेत." तो, रशीदभाई आणि मी, आम्ही तिघांनी एकेक चित्र जिन्यावरून खाली आणलं. फेटेवाले, पगडीवाले, नथवाल्या, उसनं मूल मांडीवर घेतलेली ती बाई. सगळे ट्रॉलीत उभे करून, मधे पानं खोचून, दोरीनं सैलसर बांधले. आडवं कुणालाच ठेवलं नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला. रस्त्याला लागल्यावर सुपडूभाऊनं वेग वाढवला नाही, मागच्या गाड्यांनीही हॉर्न वाजवले नाहीत. म्हाताऱ्यांची तोंडं आमच्याकडे होती. उन्हात, केळीच्या पानांत दाटीवाटीनं उभे राहून, थोडे थोडे हलत, ते भुसावळच्या रस्त्यानं लांब लांब जात राहिले.